उचललेला भंडारा

मायाप्पा अण्णांसमोर काही बोलून जाणं धोक्याचं होतं. तुम्ही सहज म्हणून गेलात की 'सोमवारी येतो', की अण्णा हातातलं काम थांबवून मान वर करायचे आणि म्हणायचे, "काय म्हनला? परत म्हना."

परत म्हणावं लागायचं. टाळाटाळ केली तर ते तसेच बघत बसायचे, मेंढरू पाणी प्यायचं थांबलं की बघतात तसे. आणि परत म्हटलं की कमरेची चंची सोडून चिमूटभर भंडारा काढायचे आणि तुमच्या कपाळाला लावायचे. "झालं. आता तुमी आनि बिरुबा बगून घ्या."

मी माळवाडीच्या शाळेत हजर झालो त्याच दिवशी या कचाट्यात सापडलो. मी उंब्रजचा, कृष्णाकाठचा. दारात ऊस आणि नळाला पाणी बघत वाढलेला माणूस. या उघड्या माळावर पोरांना घरून बाटलीतून पाणी आणताना बघितलं आणि जमलेल्या पालकांपुढे ऐटीत म्हणालो, "शाळेला टाकी बसवून घेतो." लाल पटका, खांद्यावर घोंगडं, आणि खुर्ची रिकामी असूनही भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "परत म्हना, गुरुजी." टाकी यायला वर्ष गेलं. तेवढ्या वर्षात अण्णा मला कुठंही भेटले तरी आधी माझ्या कपाळाकडे बघायचे. तोंडानं एक शब्द नाही. शेवटी पंचायत समितीत मी जो आरडाओरडा केला तो पोरांच्या तहानेपेक्षा त्या नजरेला कंटाळून केला होता.

'बघतो' या शब्दावर त्यांचा विशेष राग. "बगतो म्हंजी न्हाई," असं ते सरळ सांगायचे. एकदा तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात लशीसाठी गेले. तिथला माणूस म्हणाला, "बघतो." अण्णांनी घोंगडं पसरलं आणि दारातच बसले. "बगा की. म्या हितंच हाय." दुपारपर्यंत त्या दवाखान्यात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला अण्णांना ओलांडून जावं लागलं. लस मिळाली. वर त्या माणसाच्या कपाळाला भंडाराही लागला.

अशा माणसाला हसणारेही होते. अंगणवाडीच्या सुमनबाई कांबळे तर तोंडावर हसायच्या. बौद्ध कुटुंबातल्या, बारावी झालेल्या, वाडीत कुणाचाही कागद वाचायचा तर त्यांच्याकडेच जायचं. "अण्णा, माझ्या कपाळाला लावायचं न्हाई हां. मी सही करते, सही घ्या," म्हणायच्या. अण्णा म्हणायचे, "तुज्या सहीवर माजा इस्वास हाय पोरी, पर मला वाचता कुटं येतंय?" मग दोघं हसायचे. त्या दोघांची रोजची भांडणं ऐकत माझी बरीच वर्षं तिथं बरी गेली.

आता वाडीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माळवाडी मेंढपाळांची. दिवाळी झाली की अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं लागायची आणि कळप घेऊन माणसं कृष्णेच्या काठाला, उंब्रज-इस्लामपूरकडे उतरायची. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. पाऊस पडला की सगळे परत वाडीला. परत यायचं ते एका गोष्टीच्या जिवावर, वाडीच्या वरच्या अंगाला पसरलेलं गायरान. पावसाळ्याचे महिने मेंढरं तिथं चरणार. गायरान नसेल तर परत येऊन कळप बांधायचा कुठं? गायरान आहे म्हणून वाडी आहे, इतका तो सरळ हिशोब. आणि त्या गायरानावर सौरऊर्जेच्या पाट्या बसणार, सगळ्याला तारेचं कुंपण पडणार, असं तालुक्यात बोललं जाऊ लागलं.

तेवढ्यात आमचे आमदार मुदत संपायच्या आतच वारले आणि पोटनिवडणूक लागली.

एका बाजूला वारलेल्या आमदारांचे भाऊ, भाऊसाहेब. दुसऱ्या बाजूला तरणाताठा अभयदादा. काट्याची टक्कर. कोण येणार ते तालुक्यात चहाच्या टपरीवरच्या माणसालाही सांगता येईना, आणि तो सगळं सांगणारा माणूस. एरवी मोठ्या निवडणुकीत उमेदवाराची गाडी आमच्या फाट्यावरूनच भोंगा वाजवत पुढं जायची. अण्णा म्हणायचे, "आमची मतं म्हंजी आमटीवरची कोथमीर. असली तर बरी, नसली तर ताटावरनं कोन उठून जातंय?" पण या वेळी प्रत्येक मताला मोल आलं होतं. गाड्या फाट्यावरून वळून, दगडधोंड्यांतून आपटत वाडीत येऊ लागल्या.

भाऊसाहेब आले. गायरानाचं अण्णांनी विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "बघतो." अण्णा उठून मेंढरांकडे गेले.

मग अभयदादा आले. भर दुपार होती. शाळेची सुट्टी झालेली, मी आणि सुमनबाई देवळाच्या पाराशी उभे होतो. बिरोबाचं देऊळ वाडीच्या वर, गायरानाच्या तोंडाशीच आहे. देवळातून बाहेर बघितलं की समोर सगळं गायरान. अभयदादांनी चपला काढल्या, नारळ फोडला आणि म्हणाले, "अण्णा, गायरानाला कुंपण पडू देणार नाही."

"काय म्हनला? परत म्हना."

दादा हसले, परत म्हणाले. अण्णांनी या वेळी चंची सोडली नाही. देवापुढचं भंडाऱ्याचं ताटच उचलून समोर धरलं. "मंग उचला."

भंडारा उचलणं म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मूठभर भंडारा हातात घेऊन देवासमोर जे बोलाल ते मोडायचं नाही. दादांचे कार्यकर्ते एकमेकांकडे बघू लागले. दादांनी मात्र मूठ भरली. "गायरानाला कुंपण पडू देणार नाही," असं भंडारा धरून म्हणाले. शेजारच्या कार्यकर्त्यानं मोबाइलवर ते सगळं टिपलं.

मग अण्णांनी मूठ भरली. "वाडीचं मत तुमचं."

सुमनबाईंना राहवलं नाही. "अण्णा, मुदत घाला की. ह्या येळेपुरतं म्हना. न्हाईतर 'कुंपन पडलं न्हाई तर' असं तरी म्हना. पोटनिवडणूक हाय ही. हे निवडून आले तरी उरलेल्या दिवसांचेच आमदार."

अण्णांनी सुमनबाईंकडे असं बघितलं की जणू त्यांनी देवळात चप्पल घातली. "देवापुडं मुदत घालत्यात व्हय गं? मुदत बँकेत घालत्यात. शब्द हाय त्यो शब्द हाय."

"वाडीचं मत तुमचं," ते परत म्हणाले. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

खरं सांगायचं तर मला सुमनबाईंचंच पटलं होतं. पण त्या क्षणी अण्णांचा चेहरा असा काही झाला होता, की त्यात अट घालणं म्हणजे दुधात मीठ टाकणं वाटलं असतं.

मतदान थंडीत आलं. म्हणजे वाडी निम्मी नदीकाठाला. दादांचा माणूस जीपगाड्या घेऊन आला, म्हणाला, माणसं कुठं कुठं आहेत सांगा, उचलून आणतो. अण्णांनी गाड्या परत पाठवल्या. "तुमच्या गाडीतनं आलं तर मत तुमचं. आमच्या पायानं आलं तर आमचं. आनि आमचं आसल तरच तुमाला देता यील न्हवं?" हे कार्यकर्त्याला कळायला वेळ लागला. मलाही लागला.

मग अण्णा स्वतः एसटीत बसून नदीकाठाला गेले. उंब्रजपासून इस्लामपूरपर्यंत उसाच्या फडांतून, जिथं जिथं वाडीचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, उतरले होते तिथं तिथं. "म्या भंडारा उचललाय," एवढंच सांगायचे. मेंढरांपाशी एकेक माणूस ठेवून बाकीचे निघाले. मतदानादिवशी फाट्यावर एसटीतून उतरून बाया, म्हाताऱ्या, काखेत पोरं असलेल्या लेकी चालत येताना मी बघितल्या. मतदारयादीचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी शाळेच्या दारात टेबल टाकून चिठ्ठ्या देत होतो. प्रत्येकीच्या पायावर वाटेची धूळ होती आणि चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखं काहीतरी. मला तो दिवस आठवला की अजून बरं वाटतं. तेवढा एकच.

अभयदादा निवडून आले, ते इतक्या थोड्या मतांनी की भाऊसाहेबांनी फेरमोजणी मागितली. फेरमोजणीतही दादाच. फरक आमच्या वाडीच्या मतांपेक्षा कमी होता. म्हणजे आमदार वाडीनं केला. हे कुणीतरी टपरीवर बोललं आणि वाऱ्यासारखं पसरलं. अण्णांनी त्या दिवशी ताट भरून भंडारा उधळला. मेंढरंसुद्धा पिवळी झाली. मला मिठी मारून म्हणाले, "गुरुजी, कोथमीर आमटीत पडली गड्या!"

मृग लागायच्या आत गायरानावर खांब आले.

आधी वाटलं, मोजणीचे असतील. मग तार आली. माणसं तारेपुढं जाऊन बसली, पोलिसांनी उठवून गाडीत घातली आणि संध्याकाळी फाट्यावर सोडली. आमदारांच्या माणसानं फोनवर सांगितलं की सरकारचं धोरण आहे, साहेबांच्या हातात नाही, साहेब आत्ताच तर निवडून आलेत, आणि मुदत ती केवढीशी उरली आहे. तरी साहेब बघतो म्हणालेत. मी तो निरोप अण्णांना सांगितला. 'बघतो' हा शब्द तोंडातून काढताना मला स्वतःचीच लाज वाटली.

कळप परत आले तेव्हा कुंपण पुरं झालं होतं. मेंढरं सवयीनं वर चढली आणि तारेपाशी जाऊन थांबली. आत गवत होतं. मी पुष्कळ वाईट गोष्टी बघितल्या आहेत, पण तारेला तोंड लावून ओळीनं उभी राहिलेली ती जनावरं मला विसरता येत नाहीत. त्या पावसाळ्यात वाडीनं निम्मी मेंढरं बाजारात नेली. जी घरं नदीकाठाला राहिली ती राहिलीच. शाळेचा पट घसरला.

वाडीतली माणसं अण्णांना टाकून बोलू लागली. समोर नाही, पण ऐकू जाईल असं. अण्णांना मात्र दुसराच घोर लागला होता, आणि तो काय हे कळलं तेव्हा मी चक्रावलो.

मुदत संपत आली. नवी निवडणूक जवळ आली. अभयदादा आता सत्तेच्या बाजूला जाऊन, तिकडून उभे राहणार हे पक्कं झालं. वाडीनं ठरवलं, त्यांना एकही मत नाही. ते साहजिकच होतं. पण अण्णा शाळेत येऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "गुरुजी, माज्यासंगट आमदाराकडं चला. भंडारा खाली ठिवाय पायजे."

आमच्या बिरोबाची रीत अशी. उचललेला भंडारा सोडवायचा तर ज्या दोघांनी उचलला त्या दोघांनी मिळून देवापुढं परत ठेवायचा. एकट्याला ठेवता येत नाही. एकानं मोडला म्हणून दुसरा सुटत नाही.

"अण्णा, त्यांनी शब्द कधीच मोडला," मी म्हणालो.

"त्येनी मोडला. म्या कुटं मोडलाय?"

"पण मग तुम्ही त्यांना बांधलेले कसे?"

"म्या त्येला बांदलेला न्हाई गुरुजी. म्या बोललो त्येला बांदलेला हाय."

गेलो. आमदारांच्या कार्यालयात बदलीवाले, पाणंदरस्तेवाले, लग्नपत्रिका घेऊन आलेले. प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. अण्णा जमिनीवर बसले. आत बोलावणं आलं तेव्हा दादा उठून उभे राहिले, अण्णांच्या पाया पडले. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता, हेच मला जास्त डाचतं. त्यांना वाटलं, म्हातारा गायरानासाठी आलाय. घाईघाईनं धोरण, वरचा दबाव, रोजगार असं सांगू लागले.

अण्णांनी हात वर केला. "गायरान ऱ्हाऊ द्या आता. ते गेलं. तुमी फकस्त देवळात चला. पाच मिनटं. दोगं मिळून भंडारा खाली ठिवू. मंग तुमी मोकळं, आमी मोकळं."

दादा बघतच राहिले. मग कार्यकर्त्यांकडे बघून किंचित हसले. "अण्णा, अहो, ते निवडणुकीतलं होतं. त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं? तुम्ही मोकळेच आहात. द्या कुणाला द्यायचं ते."

"तुमच्या म्हनन्यानं न्हाई हुत मोकळं. चला. बिरुबापुडं म्हना हे."

"प्रचाराची गडबड आहे. बघतो."

अण्णा उठले. दारापाशी वळून एकदा त्यांनी दादांच्या कपाळाकडे बघितलं. तिथं सकाळच्या कुठल्याशा कार्यक्रमातलं कुंकू होतं. मला अभयदादांचा राग आला आणि अण्णांचाही आला. फसवणाऱ्याशी इतकं प्रामाणिक राहून या माणसाला काय मिळणार होतं? परतीच्या एसटीत मी ते बोलूनही दाखवलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "मला काय मिळायचं हाय आता," म्हणाले.

मतदानादिवशी मी पुन्हा शाळेच्या दारात टेबल टाकून बसलो होतो. सुमनबाई मदतीला होत्या. सकाळपासून वाडीतली उरलेली माणसं आली आणि जे ठरलं होतं तसं करून गेली. अण्णा दुपार कलल्यावर आले. धुतलेलं धोतर, लाल पटका. सुमनबाईंनी चिठ्ठी हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "अण्णा, आत कोन बगत न्हाई बगा. मशीनला काय म्हाईत भंडारा?"

"मशीन न्हाई बगत," अण्णा म्हणाले.

आत गेले. लगेच बाहेर आले. बोटाची शाई धोतराला लागू नये म्हणून हात लांब धरला होता.

"दिलं?" सुमनबाईंनी विचारलं.

"ज्येला म्हनलो हुतो त्येला." मग म्हणाले, "वाडीचं म्हनलो हुतो. वाडी न्हाई आली. माजं तरी आलं."

सुमनबाई तोंडाला पदर लावून शाळेत निघून गेल्या. अण्णांचा हात सवयीनं कमरेच्या चंचीकडे गेला. मला वाटलं, आता ते माझ्या कपाळाला लावणार. पण चंची न सोडताच त्यांनी हात खाली घेतला आणि निघाले. त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाही 'परत म्हना' म्हटलेलं मी ऐकलं नाही. लोक त्यांच्यासमोर सोमवारी येतो म्हणायचे, आणि अण्णा नुसती मान हलवायचे.

अभयदादा प्रचंड मतांनी निवडून आले. कुणाच्या एका मतानं काही उणं-अधिक होणार नव्हतं. अण्णांचं मत मोजलं गेलं खरं, पण त्याची या वेळी कुणालाच गरज नव्हती.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. नदीकाठाला, माझ्याच गावच्या शिवारात, मेंढरांच्या वाड्यावर. सुमनबाईंचा फोन आला, म्हणून हे सगळं लिहायला बसलो. पण मला ते दिसतात ते तिथं नाहीत. दिसतात ते विजयी मिरवणूक फाट्यावरून गेली त्या दिवशीचे. पुढं काही महिन्यांनी माझी बदलीच झाली.

अण्णा उरलेली मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेला होते. आता चरायला तेवढीच जागा होती, एका बाजूला डांबर आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यापर्यंत उतरलेली तार. गाड्या, ढोल, गुलाल. उघड्या जीपमध्ये उभे राहून दादा दोन्हीकडच्या लोकांना हात जोडत होते. अण्णांनाही जोडले. ओळखलं की नाही, देव जाणे. अण्णांनी हात जोडले नाहीत. त्यांनी एक हात उचलून वर, कुंपणापलीकडच्या देवळाकडे दाखवला, आणि तसाच धरून ठेवला. जीप पुढं गेली, ढोल पुढं गेला.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि घोंगड्याच्या टोकानं मेंढरांच्या अंगावरचा गुलाल पुसू लागले. लोकरीत बसलेला गुलाल काही निघेना. ते पुसत राहिले.